नवरी हिरवी, पडदा हिरवा

ट्युटोरियलमधल्या गुरूंना कधी घाम येत नाही. फक्त एक कॉम्प घ्या, फक्त दोन कीफ्रेम टाका, असं म्हणेपर्यंत त्यांच्या पडद्यावर आकाशगंगा फिरायला लागते. त्यांचा संगणक तापत नाही, रेंडर मध्येच अडकत नाही, दारावर कुरिअरवाला येत नाही. ते सगळं त्यांनी एडिटमध्ये उडवलेलं असतं. आपण मात्र घडोघडी पॉझ दाबून, नाक पडद्याला लावून, त्यांचा बाण नेमका कुठल्या मेन्यूत शिरला ते शोधत बसतो.

हा अभ्यास माझ्या वाट्याला आला तो मी मामा असल्यामुळे. पूर्वी नवरीला मांडवात आणून अंतरपाटामागं उभं केलं की मामा जेवायला मोकळा. आता व्हॉट्सॲपवर फिरणारी पत्रिकाही करून द्यावी लागते. भाचीला सोनेरी अक्षरं हवी होती आणि त्यांतून ठिणग्या उडायला हव्या होत्या. "मामा, त्यात काय एवढं? सगळं शिकवलेलं असतं," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी तू रिकामाच असतोस," ताईनं भर घातली.

तर आफ्टर इफेक्ट्स हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर. 1993 सालापासून बाजारात आहे, म्हणजे भाचीपेक्षा वयानं वडील. वस्तू कुठून निघणार आणि कुठं थांबणार एवढं कीफ्रेम टाकून आपण सांगायचं, मधल्या फ्रेम संगणक भरतो. ॲनिमेशनपट हातानं काढायच्या काळात मुख्य चित्रकार मोक्याच्या मुद्रा काढून द्यायचा आणि मधली चित्रं हाताखालची पोरं काढायची, तीच ही वाटणी. एफ नाइन दाबलं की वस्तू हळू निघते, हळू थांबते. माझ्या लॅपटॉपवर एफ नाइन दाबलं की सनईचा आवाज वाढतो. मला मनापासून पटला तो नल ऑब्जेक्ट. हा स्वतः पडद्यावर कुठंच दिसत नाही, पण बाकीचे लेयर त्याला जोडले की तो हलेल तसे सगळे हलतात. आमच्या लग्नघरात हे पद मोठ्या आत्याकडे आहे.

गुरूंनी उदाहरणाला इंग्रजी नाव घेतलं होतं. त्याचं एकेक अक्षर उडत येऊन जागेवर बसायचं. त्याच युक्तीनं आमचा 'शुभविवाह' आणला, तर वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडली आणि खालच्या ओळींतल्या जोडाक्षरांनी घटस्फोट घेतले. मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांच्या पर्यायावर लावलं, सुट्या अक्षरांऐवजी आख्खा शब्द आणला, तेव्हा कुठं विवाह जुळला.

पण खरी धमाल हिरव्या पडद्याची. त्यापुढं माणूस उभा करायचा, हिरवं कापून टाकायचं आणि मागं हवा तो राजवाडा लावायचा. हिरवाच का, तर माणसाच्या कातडीत तो रंग फारसा नसतो, आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे साधारण निम्मे ठिपके हिरव्यासाठीच राखलेले असतात. त्यामुळं तो सफाईनं कापला जातो. हे ज्यानं ठरवलं त्यानं मराठी साखरपुडा पाहिलेला नसावा. भाची साखरपुड्याची हिरवी साडी नेसून, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरून पडद्यापुढं उभी राहिली. हिरवं कापणारा कीलाइट इफेक्ट लावला, आणि पडद्याबरोबर नवरीही गेली. उरला चेहरा, नथ आणि हवेत नमस्कार करणारे दोन पंजे. मागून राजवाडा आरपार दिसत होता. आईनं शुभकार्यात हे असलं दाखवू नकोस म्हणून लॅपटॉपच मिटवला. निळा पडदा आणला, तर नवरदेवाचा बंदगळा निळा. शेवटी तिला निळ्यापुढं आणि त्याला हिरव्यापुढं वेगवेगळं उभं करून दोघांना राजवाड्यात आणून सोडलं. लग्नाआधी दोघं एकाच घरात कसे, ही आत्याची हरकत अजून निकालात निघालेली नाही.

अशा वेळी दादासाहेब फाळके आठवतात. कुंडीतलं वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून त्यांनी ते बघता बघता वाढताना दाखवलं. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर अण्णा साळुंके या एकाच नटाकडून राम आणि सीता दोन्ही करून घेतले. मला एक भाची अखंड दाखवताना नाकी नऊ आले.

असो. पत्रिका तयार आहे. तुमच्या मोबाइलवर आली तर कृपया शेवटपर्यंत पाहा. कार्यालयाचा पत्ता ठिणग्या विझल्यावर येतो.