आठ कोटी वर्षांचा विलंब

ज्या माणसाने आपली उभी हयात जिल्हा कचेरीच्या दप्तरखान्यात जन्मतारखांचे दाखले पडताळण्यात घालविली, आणि ज्याच्या लाल शाईच्या शेऱ्यापुढे भल्याभल्या मामलेदारांची लेखणी अडखळत असे (असे निदान तो स्वतः तरी सांगतो), त्याच्या कानांवर उतारवयात, न्यू जर्सीतील मुलाच्या बिऱ्हाडी, डायनोसॉरांनी गाइलेले हिप हॉप पडावे आणि त्याला प्रथम तालाची नव्हे तर हजेरीपटाची आठवण व्हावी, हे त्याच्या स्वभावास धरूनच झाले. तो माणूस मी.

नातवाच्या आवडीची ही ध्वनिमुद्रिका ‘बेबी लव्ह्‌ज हिप हॉप’ या नावाने २००८ साली निघालेली. तिच्यातील पथकाचे नाव ‘डायनो-५’. १९८९ साली ‘डे ला सोल’ या त्रयीची पहिली, नावाजलेली तबकडी घडविणारा प्रिन्स पॉल हाच हिचा निर्माता, आणि येथे तो स्टेगोसॉरस झाला आहे. टायरॅनोसॉरसाचा खर्ज चाली टूनाचा, ट्रायसेराटॉप्स लेडीबग मेक्का, टेरोडॅक्टिल म्हणजे नुसत्या तोंडाने सगळा ठेका वाजविणारा स्क्रॅच, आणि ब्रॉंटोसॉरस वर्ड्‌स्वर्थ. हे शेवटचे नाव कानी येताच मी त्या इंग्रज निसर्गकवीवर सूनबाईंना एक विस्तृत व्याख्यान दिले. हा वर्ड्‌स्वर्थ ब्रुकलिनचा आहे, या क्षुल्लक तपशिलाने त्या व्याख्यानाच्या मौलिकतेस काही बाध येतो असे मला वाटत नाही.

आता आक्षेप. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टायरॅनोसॉरस सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा. दोहोंत आठ कोटी वर्षांहून अधिक अंतर, म्हणजे कालगणनेने टायरॅनोसॉरस हा स्टेगोसॉरसापेक्षा मला अधिक जवळचा. सख्ख्या भावांच्या वयांत पाच महिन्यांचे अंतर दाखविणारे प्रकरण ज्याने एका शेऱ्यानिशी परत धाडले, त्याने हा हजेरीपट मंजूर तरी कसा करावा? टेरोडॅक्टिल तर शास्त्राप्रमाणे डायनोसॉरच नव्हे, तो उडणाऱ्या सरीसृपांच्या निराळ्या शाखेतला. सबब पथकाच्या नावातील पाचाचा आकडा खोडून तेथे चार करणे प्राप्त. ब्रॉंटोसॉरसाची मिसल याहूनही गुंतागुंतीची: १८७९ साली मार्श नामक पंडिताने त्याचे बारसे केले, १९०३ साली तो अपॅटोसॉरसच असल्याचे ठरून ते नाव खारीज झाले, आणि २०१५ साली नव्या अभ्यासाने ते पुन्हा बहाल केले, अर्थात २००८ साली गाते वेळी सदर इसम दप्तरी अस्तित्वातच नव्हता, आणि अस्तित्वात नसलेल्या इसमाचा मेहनताना कोणत्या खाती खर्ची टाकावा, हा प्रश्न निर्मात्यास पडलेला दिसत नाही. शिवाय चाली टूना ज्या पथकातून प्रसिद्धीस आला त्याचे नाव ‘ज्युरासिक फाइव्ह’, आणि टायरॅनोसॉरस तर क्रिटेशस काळातला! या शेवटच्या बाबीवर मी सूनबाईंची स्वयंपाकघरातील आवराआवर होईपर्यंत बोलत असतो. अलीकडे त्या आवराआवर फार झपाट्याने करतात.

परंतु खरा सल निराळाच आहे. ‘मुलांसाठी’ असा शिक्का बसला की आपण कोणत्याही वस्तूची प्रत बेलाशक उतरवितो: चाल पाणचट, यमक ओढूनताणून, आणि शेवटी दात घासण्याचा उपदेश. मूल तक्रार-अर्ज करीत नाही, एवढ्याच भांडवलावर हा व्यापार चालतो, आणि त्याचा मला मनस्वी संताप आहे. १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातील मोराच्या गाण्याला माडगूळकरांनी शब्द, पु. ल. देशपांड्यांनी चाल आणि आशा भोसल्यांनी गळा दिला, तेव्हा त्यांपैकी कोणीही हात राखला नव्हता. या डायनोसॉरांनीही तो राखलेला नाही. आणि हिप हॉपच्या नुसत्या नावाने ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्या माझ्यासारख्यांनी या कलेचा जन्मदाखला तरी एकवार पाहावा: ११ ऑगस्ट १९७३, मुक्काम ब्रॉंक्स, १५२० सेजविक अव्हेन्यू. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे घ्यावयाचे होते. म्हणून तिने इमारतीच्या करमणुकीच्या दालनात पार्टी ठरविली, मुलींस २५ सेंट व मुलग्यांस ५० सेंट अशी प्रवेशपट्टी लावली, आणि तबकड्या वाजविण्याचे काम थोरल्या भावास, म्हणजे डीजे कूल हर्क यास, सांगितले. ज्या संगीताची पहिली नोंदच एका मुलीच्या शाळेच्या कपड्यांच्या खाती सापडते, त्याने मुलांच्या खोलीत शिरण्यास परवाना मागावा तो कोणाकडे?

सबब मी रीतसर आदेश काढून तो नातवाच्या दारावर डकविला आहे: स्टेगोसॉरस यांचा आठ कोटी वर्षांचा फरक खास बाब म्हणून क्षमापित, टेरोडॅक्टिल यांस मानद डायनोसॉर म्हणून सामावून घ्यावे, ब्रॉंटोसॉरस यांचे देयक पूर्वलक्षी प्रभावाने अदा करावे, हा निर्णय पूर्वोदाहरण म्हणून गणण्यात येऊ नये. नातवाला मराठी अक्षरे अजून लागत नसल्याने तो मीच, योग्य त्या आरोह-अवरोहांसह, वाचून दाखविला, आणि खाली जोडलेला माझा स्वतःचा अर्जही: पद, पथकातील सहावी जागा, अर्हता, मोरोपंतांच्या आर्या मुखोद्गत.

“पण आबा, तुम्ही कोणता डायनोसॉर होणार?” एवढेच त्याने विचारले. जन्मतारखेचा दाखला मागितला नाही.