तीन पोळ्यांचा फरक

आमच्या घरी रात्रीच्या पोळ्या माझ्याकडे आहेत. बायको कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आई खुर्चीत बसून देखरेख करते आणि मुलगी फुगलेल्या पोळीलाच हात लावते. म्हणजे रोज परीक्षा, तीही तीन परीक्षकांपुढे.

मी आपला गार पाण्याने कणीक भिजवून लगेच लाटायला घेत असे. मग एका व्हिडिओतून साक्षात्कार झाला: कोमट पाणी घ्या आणि कणीक अर्धा तास ओल्या फडक्याखाली मुरू द्या. सोमवारी जुन्या पद्धतीने २० पैकी १२ पोळ्या फुगल्या होत्या. मंगळवारी नव्या पद्धतीने १५! मी पोळपाटावर लाटणं आपटून विजय जाहीर केला.

बायकोने पाठकोऱ्या कागदावर काहीतरी मांडलं. "दोन्ही पद्धती अगदी सारख्या असत्या ना, तरी एवढी आघाडी चारांतून एकदा निव्वळ नशिबाने मिळाली असती. आमच्याकडे विसांतून एकदा म्हटलं, तर कुठे लोक मान वर करून बघतात."

"आणि काल तवा तापायच्या आत पहिल्या चार पोळ्या टाकल्या होत्यास," आई म्हणाली. संख्याशास्त्राचं एक पान न उलटता तिने प्रयोगाचं वर्म काढलं होतं. कोमट पाण्याला मी जे श्रेय देत होतो, त्यात तव्याचाही वाटा होता.

मग बायकोकडून मला एक गोष्ट ऐकावी लागली. इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात, १९२०च्या दशकात, म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या बाई म्हणाल्या की कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. रोनाल्ड फिशर यांनी त्यावरून १९३५च्या पुस्तकात आठ कपांचा प्रयोग मांडला: चार असे, चार तसे, क्रम मात्र नशिबावर सोडलेला. आठांतून चार कप निवडायच्या तऱ्हा ७०. म्हणजे अंदाजपंचे सगळं बरोबर यायची शक्यता सत्तरात एक. आमच्याकडे असं कोणी म्हणालं असतं तर 'गप पी' यावर विषय संपला असता. त्यांच्याकडे शास्त्र निघालं.

"मग मी किती पोळ्या करू?" मी विचारलं.

"साठ टक्क्यांचे पंचाहत्तर होतात, हे बऱ्यापैकी खात्रीने पकडायचं तर प्रत्येक पद्धतीच्या दीडशे धर."

तीनशे पोळ्या! एका मुंजीचं जेवण उरकलं असतं. पण आता माघार कसली? रोज २०, असे १५ दिवस ठरले. दोन परातींत दोन कणका, प्रत्येकीचे दहा उंडे. पुढचा उंडा कुठला घ्यायचा, हे मुलगी चिठ्ठी काढून सांगणार. पोळी फुगली की नाही, हे आई ठरवणार. कुठली कुठल्या कणकेची, हे तिला सांगायचं नाही. पहिल्याच दिवशी वाद झाला, कारण एक पोळी अर्धीच फुगली. आईने निकाल दिला: "टम्म ती फुगलेली. बाकीच्या बसलेल्या." फुगण्याची इतकी नेमकी व्याख्या मी बँकेच्या परिपत्रकातही वाचलेली नाही.

पंधराव्या रात्री बेरीज झाली. जुन्या पद्धतीच्या १५० पैकी ११२ फुगल्या, नव्या पद्धतीच्या ११५. परत तीनच पोळ्यांचा फरक!

"म्हणजे फरक नाही?"

"फरक सापडला नाही," बायकोने दुरुस्ती केली आणि वही माझ्याकडे सरकवली. "पण हे बघ." पहिल्या तीन दिवसांत ६० पैकी ३६ पोळ्या फुगल्या होत्या, शेवटच्या तीन दिवसांत ५४. दोन्ही पराती बरोबरीने सुधारल्या होत्या.

"हात बसला, दुसरं काय?" आई म्हणाली.

चिठ्ठ्यांचा उपयोग मला तेव्हा कळला. आधी आठवडाभर गार पाणी आणि मग आठवडाभर कोमट, असं केलं असतं, तर माझ्या हाताचं सगळं श्रेय कोमट पाण्याने लाटलं असतं आणि मीही ते मिरवत हिंडलो असतो. आमच्या बँकेच्या शाखेत नवीन पद्धत आली की दर वेळी असंच होतं. तिथे चिठ्ठ्या कोणी काढत नाही.

सध्या मी गार पाण्यानेच कणीक भिजवतो. अर्धा तास वाचतो आणि पाणी तापवायचा गॅसही.