झाकण उघडलं, कान मिटलेलेच

बुऱ्हाणपुरात, शनवारा दरवाज्याच्या भागात, हेडफोन ही चैन नव्हे. दरवाज्यापाशी हॉर्न, गावात यंत्रमागांची खडखड. कान झाकल्याशिवाय काही ऐकू येत नाही. त्यात लॅपटॉपवर लिनक्स. झाकण मिटलं की तो झोपतो, उघडलं की पडदा, वायफाय, घड्याळ सगळे हजर. हेडफोन तेवढा मौनव्रतात. आणि आवाजाची पट्टी शंभर टक्क्यांवर डौलात उभी! कागदावर काम पूर्ण दाखवण्याची ही सरकारी कला यंत्राने कुठून उचलली, देव जाणे.

होतं असं, की झोपेत ध्वनीच्या चिपची वीज जाते. जाग आल्यावर हेडफोन कोणत्या पिनवर आहे, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर कसा चालू करायचा, हे ड्रायव्हरने तिला नव्याने सांगायचं असतं. काही मॉडेलांत ते राहूनच जातं. मग लिनक्समध्ये आवाज हाताळणाऱ्या एकेका थराची चौकशी. आल्सा म्हणतं, माझ्याकडून आवाज पुढे गेला. पल्सऑडिओ म्हणतं, माझा चार्ज आता पाइपवायरकडे (फेडोरा लिनक्समध्ये तर २०२१ पासूनच). पाइपवायर म्हणतं, मला पुन्हा सुरू करून बघा. बघावं, पण खाली चिपच गप्प असेल तर वरच्या साहेबाची बदली करून काय होणार? शेवटी ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवायचा, किंवा जाग येताच हेच काम करणारी स्क्रिप्ट सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या फोल्डरात ठेवायची.

जाणकारांचा सल्ला याहून सोपा असतो: लॅपटॉप झोपवूच नका. बॅटरीचं काय, हे विचारलं की त्यांचाही आवाज जातो.