गोंडा घोळणे

शाळेची सूचना व्हॉट्सॲपवर आली तेव्हा मी पोह्यांवर शेव घालत होतो. इंदुरी माणसासाठी हा क्षण एकाग्रतेचा असतो. शेव कमी पडली तर पोहे पुणेरी होतात, जास्त पडली तर शेवेत पोहे शोधावे लागतात. त्या दिवशी जास्त पडली.

सूचना अशी होती : क्रीडादिनासाठी चीअरलीडिंग दल. पहिली ते तिसरीची मुलं-मुली. पोशाखाचे साडेचारशे रुपये वेगळे. शुक्रवारपर्यंत कळवावे. खाली सत्तावीस पालकांचे अंगठे आधीच उठले होते. आमचा अंगठा तेवढा अडला.

कन्या दुसरीत आहे. चीअरलीडिंग म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. दोन्ही हातांत एकेक चंदेरी गोंडा मिळतो, एवढी माहिती तिला पुरेशी होती.

"गोंडे कशाला गं?" माझ्या आईने विचारलं.

"दुसरे खेळतील ना आजी, तेव्हा हलवायचे."

"म्हणजे दुसऱ्यांपुढे गोंडा घोळायचा!" आई म्हणाली, आणि एका वाक्प्रचारात एक अख्खा क्रीडाप्रकार निकालात निघाला.

आईच्या या विरोधाला हजार वर्षांचा इतिहास आहे. आम्ही राहतो बेटम्याला, इंदूरहून अहमदाबादच्या रस्त्याने तीसेक किलोमीटरवर. बाहेरचे लोक बेटमा ओळखतात ते इथल्या गुरुद्वारामुळे. पण इतिहासाच्या पुस्तकांत गावाचं नाव आहे ते इथे सापडलेल्या भोज राजाच्या ताम्रपटामुळे. साल १०२०. कोकण जिंकल्याच्या आनंदात राजाने जमीन दान दिल्याची त्यावर नोंद आहे. आता आमचं घराणं मूळचं रत्नागिरीकडचं. पणजोबा होळकरांच्या चाकरीत आले आणि इकडलेच झाले. आमची बोली पार माळव्याची झाली, पण हा ताम्रपट काही आईच्या घशाखाली उतरलेला नाही. "या गावाला आपल्या हरण्यावर नाचायची जुनी खोड आहे," ती म्हणते, "आता पोरगीही तेच शिकून राहिली."

मी पिथमपूरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. म्हणजे दिवसभर नापास करतो. चांगल्या नगावर कोणी टाळी वाजवत नाही, तो गुपचूप पुढे जातो. वाईट नगावर मात्र लाल पट्टी, तक्ता, सही, बैठक. त्याच सवयीने मी घरीही कागद घेतला आणि दोष लिहिले : पोशाख, पडझड, पैसे, अभ्यास, लोक. 'लोक' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

"अहो, गुणांचा रकाना कुठे आहे?" बायकोने विचारलं.

आमच्या तक्त्यात तो नसतोच.

मग रीतसर अभ्यास केला. चीअरलीडिंग सुरू झालं १८९८ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात. जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडून एका सुरात आरोळ्या देववल्या. पुढची पंचवीस वर्षं हा निव्वळ पुरुषांचा उद्योग होता, मुली आल्या १९२३ च्या सुमारास. आयझेनहॉवर, रेगन आणि धाकटे बुश हे तिघेही विद्यार्थिदशेत चीअरलीडर होते. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या संघटनेला पूर्ण मान्यताही दिली. हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं.

"तीन राष्ट्राध्यक्ष गोंडे हलवत होते?"

"गोंडे नसतील, पण आरोळ्या देत होते."

"तरीच," आई म्हणाली, आणि अमेरिकेचं सगळं परराष्ट्र धोरण तिला उलगडल्यासारखं दिसलं.

खरी अडचण माझी होती, आणि ती आयपीएलमधून आलेली. २००८ पासून चीअरलीडर म्हटलं की सीमारेषेजवळच्या त्या चौथऱ्यावरच्या परदेशी मुलीच डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या कपड्यांवर तेव्हा केवढं वादळ उठलं होतं! आमच्या गल्लीतही संस्कृती बुडाल्याची चर्चा झाली होती. ती करायला सगळे टीव्हीसमोरच जमत, आणि षटकार गेला की चर्चा थांबवून पडद्याकडे बघत.

बायकोने मला २०११ ची आठवण करून दिली. त्या वर्षी इंदूरला आयपीएलचे सामने झाले, होळकर स्टेडियमवर, आणि यजमान संघ होता कोची! केरळचा संघ, घर इंदुरात. मुलगी दाखवायला न्यावी आणि शेजाऱ्यांची दाखवून यावी, तसा प्रकार. ज्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्याच्या गावाने त्या रात्री कोचीसाठी घसा फोडला. मी पण फोडला. कोची कोणत्या दिशेला हेही मला नीट ठाऊक नव्हतं. त्या हंगामानंतर तो संघच राहिला नाही.

"तेव्हा तुम्ही कोण होता?" बायको म्हणाली. "साडेचारशे रुपये न भरता नाचणारे चीअरलीडरच की!"

आईने मधला मार्ग सुचवला. "नाचायचंच असेल तर मल्लखांब शिकव. आपला खेळ आहे." बरोबर आहे. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं आहे, आणि जवळच्या उज्जैनला पोरं त्यावर अशी चढतात की आपल्याला जिना चढायचीही लाज वाटावी. पण विचार करताना एक गंमत लक्षात आली. पोर खांबाला उलटी लटकली तर ते संस्कार, आणि दोन पायांवर सरळ उभी राहून गोंडे हलवू लागली तर बिघडली! माझ्या तक्त्यातल्या 'पडझड' या दोषाचा इथे पार घोटाळा झाला.

शुक्रवारी मी शाळेत जाऊन शिकवणाऱ्या ताईंना भेटलो. कारखान्यात माल पुरवणाऱ्याला विचारतो तसे प्रश्न विचारले. मुलं एकमेकांच्या खांद्यावर चढणार का? नाही, या वयात पाय जमिनीवरच. कोणाला वर फेकणार? नाही. गादी आहे? कोलांट्या गादीवरच, त्याही ज्यांना येतात त्यांनीच. कपडे? लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. या खेळातल्या मोठ्या दुखापती मनोरे रचताना आणि उंच फेकताना होतात, एवढं मी वाचून गेलो होतो, आणि नेमकं तेच इथे नव्हतं. शेवटी मी विचारलं, "मुलांना नेमकं काय शिकवता?"

"ओरडायला," ताई म्हणाल्या. "एकदम सुरू करायचं आणि एकदम थांबायचं. थांबणं कठीण जातं."

घरी सात वर्षांचा अनुभव असल्यामुळे हे मला लगेच पटलं. मी अंगठा उठवला.

पुढचे तीन आठवडे घरात शांतता अशी राहिली नाही. कुकरची शिट्टी झाली की गोंडे हलायचे. दूधवाला आला की त्याच्या नावाचा जयजयकार. तो बिचारा पहिल्या दिवशी दचकला, दुसऱ्या दिवशी हसला आणि तिसऱ्या दिवशी माप जरा सढळ पडलं. आईसुद्धा देवपूजा आटोपून उठली की कन्या दोन उड्या मारून आरोळी ठोकायची. आईने हे थांबवायला सांगितलं नाही. पूजेच्या वेळा मात्र दोनाच्या तीन झाल्या.

क्रीडादिन आला. आमच्या कन्येचं दल पिवळ्या गटाचं, आणि पिवळा गट सकाळपासून भक्तिभावाने हरत होता. धावणं, गोणपाट शर्यत, रस्सीखेच, सगळं गेलं. गोंडे थांबले नाहीत. शेवटी पालकांची लिंबू-चमचा शर्यत होती. मी दातांत चमचा धरला. चौथ्या पावलाला लिंबू पडलं. उचललं, पुन्हा पडलं. बाकीचे दहा जण पोचले, त्यांच्या टाळ्या झाल्या, माणसं चहाकडे वळली. मैदानात मी, माझं लिंबू, आणि कडेला आठ पिवळी पोरं, उड्या मारत, "बाबा! बाबा!" म्हणून ओरडणारी. त्यांतल्या सात जणांचा तर मी बाबाही नव्हतो.

वीस वर्षं मी मालाला नापास करत आलो. मी नापास होत असताना माझ्या नावाने कोणी ओरडतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं. मी लिंबू उचललं आणि रेषेपर्यंत चालत गेलो. अकरावा आलो.

संध्याकाळी आई दारातच उभी होती. "काय गं, कोण जिंकलं?"

कन्येने गोंडे खुंटीला लावले. तिचा घसा पार बसला होता.

"मला काय माहीत, आजी? मी तर ओरडून राहिले होते ना!"