प्रो. प्रा.

"आमच्या कंपनीच्या पॉलिसीत ते बसत नाही, काका."

वाद माझ्या लोखंडी कपाटाचा होता. ते दुसऱ्या मजल्यावर चढवायचं की खाली रस्त्यावरच उतरवून ठेवायचं? मी विचारलं, "पॉलिसी ठरवली कुणी?" म्हणाला, "मॅनेजमेंटनं." म्हटलं, "मग लाव मॅनेजमेंटला फोन." त्यावर पठ्ठ्यानं खरोखरच फोन कानाला लावला, चार पावलं लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला, दोनदा 'हं हं' केलं आणि परत येऊन सांगितलं, "स्पेशल केस म्हणून मंजूर झालंय. वाराईचे दोनशे वेगळे." मग मॅनेजमेंटनं शर्ट काढून गाडीच्या आरशावर टांगला, डोक्याला पंचा गुंडाळला आणि कपाट पाठीवर घेतलं.

हा प्राणी तुमच्याही गल्लीत असणार. परवापर्यंत कुणाच्या तरी दुकानात महिन्याच्या पगारावर होता, आज मालक आहे. आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या मालकाकडे एक जुना 'छोटा हत्ती' टेम्पो आहे, एक मोबाइल आहे आणि पाचशे व्हिजिटिंग कार्डं आहेत. कार्डावर नावाआधी 'प्रो. प्रा.' छापलंय. ते वाचून आमच्या आत्याबाई चाटच पडल्या. "प्रोफेसर ते प्रोफेसर, वर प्राध्यापकही? एवढा शिकला कधी रे हा?" आणि नातीच्या अकरावीच्या प्रवेशाचं काय करावं हे त्यांनी त्यालाच विचारलं. प्रोप्रायटरांनी ते काम नाकारलं नाही. "आमच्या टीमला बघायला सांगतो," म्हणाले.

खरी खोड ती हीच. हा माणूस 'मी' म्हणत नाही. भूक लागली तर 'आमचा लंच ब्रेक' असतो. ताप आला तर 'आमचा ड्रायव्हर रजेवर' असतो. फोन केला की आधी हा नेहमीच्या आवाजात "नमस्कार, लॉजिस्टिक्स" म्हणतो, मग "थांबा, डिस्पॅचला जोडून देतो", मग एक खोकला, आणि मग तोच आवाज जरासा नाकातून. एकदा मी डिस्पॅचकडे लॉजिस्टिक्सची तक्रार केली. डिस्पॅचनं ती गंभीरपणे ऐकून घेतली आणि म्हणालं, "त्यांचं आमच्याही कानावर आलंय."

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली. तेव्हापासून तिथं गुळाच्या रव्यांवर किती बैलगाड्या, हमाल, हुंडेकरी आणि टेम्पोवाले जगले. पण त्यातल्या एकालाही आपण लॉजिस्टिक्स आहोत असा संशय आला नसेल.

गंमत अशी की एकल मालकीत कायदा 'आम्ही' ओळखतच नाही. मालक आणि धंदा एकच. पॅन मालकाचाच, नफा मालकाचा, आणि कर्ज थकलं तर तेही मालकाच्याच बोडक्यावर. उद्यम नोंदणीला सरकार एक पैसा घेत नाही, आधारवर घरबसल्या होते. यानं ती एजंटाला पंधराशे रुपये देऊन करून घेतली, कारण 'आम्ही लीगल काम बाहेर देतो'. तीन हजार किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही हे कळल्यावर कुणीही खूश झालं असतं. हा खट्टू झाला. अंबाबाईच्या फोटोशेजारी लावायला एक फ्रेम कमी पडली ना! शॉप ॲक्टच्या फॉर्मात कामगार किती, तिथं मात्र 'शून्य' लिहावं लागलं. त्या संध्याकाळी तो फारसा बोलला नाही.

कंपनीचा दिवस पाहण्यासारखा असतो. सकाळी गांधीनगरहून कापडाचे गठ्ठे, दुपारी उद्यमनगरातून गोकुळ शिरगावला कास्टिंगचे नग, आणि परतताना रिकामी गाडी. ही रिकामी परतफेरीच डिझेल पिते, धंदा खाते. रिटर्न भाडं मिळावं म्हणून हा एमआयडीसीच्या गेटावर तासतास उभा राहतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "आमचा फ्लीट सध्या एंगेज आहे." व्यापारी उधारी ठेवतात. "वसुली डिपार्टमेंट बघेल," असं म्हणून वसुली डिपार्टमेंट त्यांच्या पायरीवर हाफ चहा पीत बसतं. दिवाळीला ड्रायव्हरला बोनस दिला म्हणाला. उजव्या खिशातले पाचशे डाव्या खिशात गेले, आणि तिसऱ्या दिवशी अकाउंट्सनं ते डिझेलसाठी उसने घेतले.

सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे आमच्या बोळात गाडी मागं घेणं. बोळ अरुंद, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला आमची तुळस. किन्नर नाही. मग हा फूटभर गाडी मागं घ्यायचा, हँडब्रेक ओढून उतरायचा, मागं जाऊन बघायचा, स्वतःलाच "अजून येऊ दे" असं हातानं खुणवायचा, पळत येऊन केबिनमध्ये चढायचा. वीस फुटांच्या बोळाला वीस वेळा. मी गॅलरीतून बघायचो. खाली जाऊन दोन मिनिटं मागं उभं राहावं, हे मला कधी सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी गेलो असतो असं नाही. त्या 'आम्ही'नं माझं डोकं फार उठवलं होतं.

गेल्या पावसाळ्यात त्यानं एक पोरगा कामाला ठेवला. असेल एकोणीस वर्षांचा, अंगावर मालकाचाच जुना शर्ट. फॉर्मातलं शून्य पुसलं गेलं. त्याच आठवड्यात आम्ही सांगलीला बहिणीकडे लोणच्याची बरणी पाठवली. आईच्या हातची, चिनी मातीची, मला आठवतं तेव्हापासून घरात असलेली.

रात्री दहाला दार वाजलं. बाहेर मालक, नखशिखांत भिजलेला.

"काका, बरणी फुटली. माझ्याकडनं."

मी तयारीतच होतो. "क्लेम डिपार्टमेंटला जोडून दे."

"नाही, मीच. माझ्याच हातनं सुटली." त्यानं भिजलेल्या नोटा पुढं केल्या. "तसली मिळणार नाही, ठाऊक आहे मला."

एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि तोही एका वाक्यात मावेना इतक्या वेळा. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ होते. मग गॅलरीत जाऊन खाली पाहिलं. केबिनमधल्या दिव्यात पोरगा मान खाली घालून बसला होता. त्याच्या शर्टाची पुढची बाजू तेलानं आणि लाल तिखटानं माखली होती.

नोटा मी घेतल्या नाहीत. चहा घे म्हटलं, तर नको म्हणाला; सकाळी सहाला गांधीनगरचं भाडं होतं.

तो खाली गेला. पोरगा उतरला, पावसात गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला आणि फाळक्यावर थाप मारून ओरडला, "येऊ द्या मालक, येऊ द्या... येऊ द्या..."

गाडी एका दमात बोळाबाहेर गेली.