श्रीमती साइडपट्टी यांस सविनय अर्ज

प्रति,
श्रीमती साइडपट्टी,
राज्यमार्गाची डावी कड,
ता. वाळवा, जि. सांगली.

विषय : आपल्या अंगावरून सायकल नेण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : डॉक्टरांची चिठ्ठी (शुगर).

महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवतो की, पन्नाशी ओलांडल्यावर अस्मादिकांनी सायकल घेतली आहे. चांगली गियरची. दुकानदाराने सीटची उंची लावायला नातवाला घेऊन यायला सांगितले, तेव्हाच पुढचा अंदाज यायला हवा होता. आमच्याकडे या वयाचा माणूस सायकलवर दिसला की त्याची बातमी होते. पहिल्याच आठवड्यात बुलेटवाल्यांपासून बोलेरोवाल्यांपर्यंत सर्वांनी गाडी थांबवून माझी चौकशी केली. "सर, गाडी बंद पडली काय?" "पेट्रोल संपलं? देऊ काढून?" "शुगर हाय व्हय? किती निघाली?" एकाने तर मला सायकलीसकट छोट्या हत्तीत चढवायची तयारी केली. नको म्हटल्यावर तो दुखावला. संध्याकाळी घरी फोन आला, सरांचं काही टेन्शन आहे का म्हणून.

घरचेही टेन्शन आहेच. मुलासाठी स्थळे बघणे चालू आहे. बायोडेटात 'दारात चारचाकी' असे ठळक लिहिले आहे आणि मुलाचा बाप घामाघूम होऊन फाट्यावर पेडल मारताना मुलीच्या मामाला दिसतो. त्यामुळे पाहुणे यायचे असले की सायकल गोठ्यात जाते. तिथे तिला सोबत आहे. गावातल्या बहुतेक जुन्या सायकली गोठ्यातच आहेत, अंगावर कडबा घेऊन. एके काळी हुंड्यात घड्याळ आणि रेडिओबरोबर सायकल मागून घेत. अगदी 2011 च्या जनगणनेतही देशातल्या दर 100 घरांपैकी जवळजवळ 45 घरांत सायकल होती आणि चारचाकी 5 घरांतही नव्हती. पण बायोडेटा जनगणना वाचून लिहीत नाहीत.

असो. मुद्दा आपला आहे.

आपला रस्ता 5.5 मीटर रुंद. हंगामात उसाचा ट्रक आणि समोरून डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आला की दोघांचे मिळून 5 मीटर होतात. उरलेल्या अर्ध्या मीटरवर दोन्ही बाजूंच्या सायकलवाल्यांनी काय ते आपापसात ठरवायचे. ट्रॅक्टरवाल्याला माझी घंटी ऐकू जाण्याची शक्यता नाही, कारण त्याच्याकडे मोठे स्पीकर आहेत. अशा वेळी माझा एकच आधार, आपण.

परंतु आपल्यापर्यंत पोहोचावे कसे? दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो, नारळ फुटतो, फ्लेक्स लागतो. रस्ता वर वर जातो आणि आपण जिथल्या तिथे. आता तुम्हा दोघांत वीतभर पायरी पडली आहे. ती घाईत उतरली की पुढचे चाक वळते आणि मालक सरळ जातो. खाली मुरूम टाकल्याचे कागदोपत्री ऐकतो. पण आपली काळी रेगडी पावसात फुगते, उन्हात आकसते आणि मधल्या काळात मुरूम गिळते. कंत्राटदारालाही पचली नसती इतकी खडी आपण पचवली आहे.

शिवाय आपला स्वभाव भिडस्त. कोणालाच नाही म्हणत नाही. कोणी मका वाळत घालतो, कोणी कांद्याच्या पिशव्या रचतो. पाण्याची लाइन नेणारा चर खणतो आणि तो बुजवायचे आपल्यावरच सोडतो. बांधावरची बाभूळ छाटली की काटे आपल्याकडे, वाढदिवसाचा फ्लेक्सही आपल्याच पोटात खुंट्या मारून उभा. त्यावरचे सगळे शुभेच्छुक हात जोडून माझ्याकडे बघत असतात. एवढ्या सगळ्यांना जागा दिलीत, त्यात दोन चाके जड होऊ नयेत.

आपण निराधार आहात असे मात्र समजू नये. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कोणी दगावले किंवा अपंग झाले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरतूद उत्तम आहे. फक्त आपल्या बाबतीत ती लागू होण्यासाठी सुरुवात मला करून द्यावी लागेल, आणि घरात लग्नकार्य असल्याने यंदा ते जमणार नाही.

वर्षातून एकदा आपले भाग्य उजळते, ते 3 जूनला. संयुक्त राष्ट्रांनी 2018 पासून हा जागतिक सायकल दिन केला आहे. त्या सकाळी तालुक्याच्या गावी आपल्याला झाडून काढतात, चुन्याची रेघ ओढतात, मान्यवर झेंडा दाखवून फोटोपुरते पेडल मारतात आणि मागून येणाऱ्या स्कॉर्पिओत बसतात. 2020 मध्ये याच दिवशी ॲटलास सायकल कंपनीने साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला. तारीख निवडणाऱ्याला मी मानतो.

तरी महोदयांना विनंती की, सकाळी 6 ते 7 एवढा वेळ सव्वा हात रुंदीची जागा मोकळी ठेवावी. डांबरी नको, सवय नाही. नुसता दाबलेला मुरूम, रस्त्याला लागून, पायरी न ठेवता. बदल्यात मी आपल्यावर काहीही वाळत घालणार नाही, हे हमीपत्रावर लिहून देतो.

आपला विश्वासू,
पांढऱ्या रेघेवरचा एक सायकलवाला

ता. क. : साखर कारखान्याची मोळी पडायला थोडेच दिवस राहिले आहेत. त्याच्या आत निर्णय व्हावा. मकेवाल्याशी मी बोललो आहे, तो पलीकडच्या कडेला सरकायला तयार आहे. तिकडच्या बाईंचीही परवानगी लागेल म्हणतो.