लोगो थोडा मोठा करा : नवशिक्या डिझायनरसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! उपयोजित कलेची पदवी हातात आली, लॅपटॉपचे हप्ते सुरू झाले आणि 'तू नक्की काय करतोस?' असं विचारणं नातेवाइकांनी सोडून दिलं, कारण उत्तर त्यांनी परस्पर ठरवलंय : फोटोशॉप. आता दोनच गोष्टी उरल्या. एखादी स्पर्धा जिंकायची आणि ऑफिसात टिकायचं. ही मार्गदर्शिका दोन्हींसाठी आहे. दोन्हीकडे लागणारं कौशल्य एकच आहे आणि त्याचा चित्र काढण्याशी फारसा संबंध नाही.

पायरी पहिली : स्पर्धा निवडा

सुरुवात घराजवळून करावी. नगरपालिकेची शताब्दी असते, पतपेढीचा अमृतमहोत्सव असतो, साहित्य संमेलन तर दरवर्षी असतंच. संमेलनाच्या बोधचिन्हात पेनाची निब, उघडं पुस्तक आणि यजमान गावची एखादी वास्तू एवढं आलं की काम झालं. निब मोराच्या पिसाऱ्यात दडवलीत तर परीक्षक तिला 'अभिनव' म्हणतील. बक्षीस म्हणून सन्मानचिन्ह मिळेल. ते दुसऱ्या कुठल्या तरी डिझायनरनं फुकट करून दिलेलं असेल.

केंद्र सरकारच्या स्पर्धांचा मान मोठा. इथे दोन उदाहरणं पाठच करून ठेवा, कारण पुढची पंधरा वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी ती तुमच्यावर फेकणार आहे. पहिलं रुपयाचं. अर्थ मंत्रालयानं २००९ साली स्पर्धा जाहीर केली, तीन हजारांवर प्रवेशिका आल्या आणि १५ जुलै २०१० रोजी डी. उदय कुमार यांचं चिन्ह मंजूर झालं. ते तेव्हा पवईच्या आयआयटीत, आयडीसी या डिझाइनच्या विभागात संशोधन करत होते. बक्षीस अडीच लाख रुपये. दुसरं स्वच्छ भारतचं. २०१४ साली लोकांकडून बोधचिन्हं मागवली आणि जिंकले कोल्हापूरचे अनंत खासबारदार. बक्षीस पन्नास हजार. देशाच्या भिंती, गाड्या, नोटा सगळीकडे गेलेलं चिन्ह पन्नास हजारांत, असं म्हणून हळहळू नका. निदान आधी विचारून आणि सांगून दिले.

आता दोन्ही चिन्हं डोळे मिटून आठवा आणि गावाकडच्या आत्याला फोनवर सांगून पाहा. 'आत्या, गांधीजींचा चष्मा काढ. एका काचेवर स्वच्छ लिही, दुसरीवर भारत. नाकावरची दांडी तिरंगी.' आत्या काढेल. 'देवनागरी र काढ, पोटातून अजून एक आडवी रेघ मार. इंग्रजी आर दांड्याविना दिसतो बघ.' हेही काढेल. आता तुमची प्रवेशिका तिला सांगा. 'निगेटिव्ह स्पेसमध्ये एक ऑरगॅनिक फॉर्म आहे, तो सर्वसमावेशक विकासाकडे झेपावतो…' आत्या म्हणेल, जेवलास का?

परीक्षक मंडळ म्हणजे सही करायचा अधिकार मिळालेल्या पाचसहा आत्या. प्रत्येकाला घरी, वरिष्ठांना आणि पत्रकारांना एका वाक्यात सांगता येईल असं चिन्ह हवं असतं. निवड त्या वाक्याची होते, चित्र त्याला जोडून येतं. म्हणून रेखाटनाला एक दिवस द्या आणि 'संकल्पना : शंभर शब्दांत' या चौकटीला आठवडा.

पायरी तिसरी : नियम वाचा

(दुसरी पायरी क्लायंटला 'जरा बिझी' वाटली, म्हणून काढली.)

'आलेल्या सर्व प्रवेशिकांवर आयोजकांचा हक्क राहील' असं एखाद्या नियमात लिहिलेलं सापडेल. विजेत्या प्रवेशिकेवर हक्क ही एक गोष्ट झाली. सर्व प्रवेशिकांवर हक्क म्हणजे एका बक्षिसाच्या किमतीत हजार लोगो. अशा ठिकाणी तुमचं सर्वांत वाईट काम पाठवा. ते निवडलं जाण्याचा धोका आहे, पण तो पत्करा.

बक्षिसाचं स्वरूपही नीट वाचा. टोकियो ऑलिंपिकचं पाहा. पहिल्या बोधचिन्हाच्या स्पर्धेत ठरावीक नामांकित पुरस्कार आधीच मिळवलेल्यांनाच प्रवेश होता. केन्जिरो सानो जिंकले. जुलै २०१५मध्ये चिन्ह झळकलं आणि बेल्जियमचे ऑलिव्हिए देबी म्हणाले, हे तर मी लिएजच्या नाट्यगृहासाठी केलेलं. सानोंनी उचलेगिरीचा आरोप नाकारला, तरी १ सप्टेंबरला चिन्ह मागे घेतलं गेलं. मग आयोजकांनी दारं सताड उघडली. १४,५९९ प्रवेशिका आल्या आणि एप्रिल २०१६मध्ये असाओ तोकोलो यांची निळ्या चौकटींची नक्षी निवडली गेली. बक्षीस दहा लाख येन आणि उद्घाटन सोहळ्याची तिकिटं. तो सोहळा २०२१ साली झाला, करोनामुळे प्रेक्षकांविना.

या प्रकरणातून नवशिक्यानं घ्यायचं ते असं की, पुरस्कारविजेत्यांमधून चाळून घेतलेलं चिन्हही आठ आठवडे टिकलं नाही. तेव्हा तुमच्या कामासारखं काही जगात आधीच आहे का, हे सादर करण्याच्या आदल्या रात्री नव्हे, पहिल्या दिवशी शोधा. सापडलं तर ऑफिसात बोलू नका. 'हे आमचं इन्स्पिरेशन' म्हणून ते प्रेझेंटेशनच्या तिसऱ्या स्लाइडवर टाकायला सांगतील.

पायरी चौथी : माणसं ओळखा

एजन्सीत प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. फक्त ते पदनामावरून कळत नाही.

क्रिएटिव्ह डायरेक्टर तुमच्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात आणि 'हं…' म्हणतात. हा हुंकार तीन सेकंदांहून लांबला तर फाइल बंद करा. 'काहीतरी खटकतंय' म्हणाले की काय खटकतंय ते विचारू नका. ते शोधणं तुमचं काम. दोन दिवसांनी जुनंच व्हर्जन नव्या नावानं दाखवा. कॉपीरायटर तुमचा मित्र. त्याच्या हेडलाइनला श्वास घ्यायला जागा हवी असते आणि ती जागा तुमच्या चित्रातून कापली जाते. एचआरवाल्या मॅडम गणपती, दसरा आणि वाढदिवस या तीन प्रसंगी तुम्हाला 'आमचा आर्टिस्ट' म्हणतील. त्याचा अर्थ, खाली बसा, रांगोळी काढायची आहे. इंटर्नला सगळे शॉर्टकट येतात. त्याच्याशी गोड बोला, पुढल्या वर्षी तो तुमचा बॉस असेल.

खरा अभ्यास करावा तो क्लायंट सर्व्हिसिंगच्या माणसाचा. क्लायंटसमोर तुम्ही नसता, तो असतो. तुम्ही चार रात्री जागून केलेलं काम तो लिफ्टमध्ये पहिल्यांदा उघडतो आणि सातव्या मजल्यापर्यंत त्याला त्यावर बोलायला एक वाक्य सुचावं लागतं. सुचलं नाही, तर तो क्लायंटला म्हणतो, 'हे एक ऑप्शन आहे.' इथे तुमचं काम मेलं. परत आल्यावर तो सांगतो, 'त्यांना खूप आवडलंय, फक्त थोडे चेंजेस आहेत.' थोडे म्हणजे रंग, फोटो, फॉन्ट आणि हेडलाइन. लोगो राहतो, मोठा होऊन. मालकांच्या मिसेसना जांभळा चालत नाही, हे ब्रीफमध्ये कधीच नसतं. ते तिसऱ्या फेरीत उलगडतं. सर्व्हिसिंगवाल्यावर चिडू नका. त्याच्या हातात चित्राबरोबर ते वाक्य द्या, मराठीत आणि इंग्रजीतही. आत्याला सांगितलेलंच चालेल.

आणि स्टुडिओतले काका. हे कोपऱ्यातल्या सर्वांत जुन्या मशीनवर बसतात, कोरल वापरतात, त्यावरून पोरं हसतात. काकांनी रॉटरिंग पेननं रेघा ओढल्यात, ब्रोमाइडचे तुकडे कापून चिकटवलेत, चिकटवलेली ओळ अर्धा मिलिमीटर तिरकी गेली म्हणून मालकाच्या शिव्या खाल्ल्यात. त्यांना तुमची संकल्पना ऐकायची नसते. ते स्क्रीन पाहतात. इमारतीत चित्राकडे पाहणारा हा एकच माणूस आहे.

मराठी कामात या पाहण्याची किंमत कळते. कॅम्पेन इंग्रजीत शिजतं, दोन महिने. हेडलाइनच्या ओळी एकमेकींना खेटून बसवतात, सुंदर दिसतं. मग छापायला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी कुणाला तरी आठवतं की महाराष्ट्रात मराठी लागतं, आणि तोच लेआउट तुमच्याकडे येतो, 'फक्त टेक्स्ट बदल'. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजीच्या मापात त्या ओळी बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. त्यात अ‍ॅडॉबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसेल, तर 'दिवाळी'तली पहिली वेलांटी द ओलांडून पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त उघडे पडतात. क्रिएटिव्ह डायरेक्टरना हे दिसत नाही, सर्व्हिसिंगला दिसत नाही, क्लायंटचं शिक्षण बोस्टनला झालंय. काका मागून जाताना चहाचा कप न हलवता म्हणतात, 'अरे, रफार कुठे गेला तुझा?'

रुपयाच्या चिन्हाचीही काकांकडे एक आठवण असते. चिन्ह मंजूर झालं जुलै २०१०मध्ये, युनिकोडमध्ये ते आलं त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आणि कीबोर्डवर, फॉन्टांत रुळायला आणखी वेळ गेला. पण क्लायंटला दुसऱ्या दिवशीच हवं होतं. मंगळुरूच्या फोराडियन कंपनीनं लगेच एक फुकट फॉन्ट काढला. त्यात कीबोर्डवरच्या एका तिरक्या चिन्हाच्या जागी रुपया बसवलेला. ज्याच्या मशीनवर तो फॉन्ट नाही, तिथे फाइल उघडली की प्रत्येक किमतीआधी रुपयाऐवजी नुसता तिरका फटकारा. अशी दरपत्रकं छापून गेलीत. फाइल पाठवण्याआधी 'कर्व्ह केलंस का?' (म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेस का) हा काकांचा प्रश्न तिथून आला नसेल, पण तिथे तो पटतो.

पायरी पाचवी : सीझन

वर्षाच्या सुरुवातीला ऑफिसात अचानक समाजसेवेची लाट येते. पाणी वाचवा, चिमण्या वाचवा, गाडी चालवताना फोन नको. घाबरू नका, पुरस्कारांचा मोसम आलाय. अ‍ॅबी पुरस्कार आणि गोवाफेस्ट महोत्सव जवळ आले, फ्रान्समधल्या कान जाहिरात महोत्सवाचं युरोमधलं प्रवेशशुल्क भरायचं आहे. या काळात क्लायंटनं न मागितलेल्या जाहिराती जन्मतात. त्या कुठल्याशा दैनिकात एकदाच छापल्या जातात, ज्याचा खप संपादकाच्या सोसायटीपुरता असतो, आणि कात्रण प्रवेशिकेला जोडलं जातं. धंद्यात याला स्कॅम म्हणतात, आणि गंमत म्हणजे हळू आवाजातही म्हणत नाहीत.

कधीकधी ते अंगावर येतं. २०१३ साली फोर्ड फिगोची, क्लायंटची मान्यता नसलेली पोस्टर्स इंटरनेटवर गेली. गाडीच्या डिकीत बांधून कोंबलेल्या बायकांचं चित्र पाहून जगभर संताप उसळला. फोर्ड आणि एजन्सी दोघांनीही माफी मागितली, वरच्या काही माणसांना जावं लागलं. तुम्ही कनिष्ठ आहात, तेव्हा 'हे लाइव्ह होणार नाहीये, फक्त पोर्टफोलिओसाठी' असं कुणी म्हणालं की नकार द्या. निदान ईमेलवर लिहून मागा. लिहून मागितलं की सगळ्यांना अचानक दुसरी मीटिंग आठवते.

आता परीक्षक काम पाहत नाहीत, कामाविषयीची दोन मिनिटांची फिल्म पाहतात. वाक्य होतं, त्याला पार्श्वसंगीत लागलं. फिल्मच्या शेवटी आकडे उसळतात, बातमीदार बोलतात, एखादी आजी रडते. २०२५ साली कानमध्ये ब्राझीलच्या डीएम९ एजन्सीच्या अशाच फिल्ममधली काही दृश्यं एआयनं फिरवलेली निघाली आणि ग्राँ प्री परत करावं लागलं. तुमच्या ऑफिसात ही बातमी सगळे वाचतील, चुकचुकतील आणि संध्याकाळी तुम्हाला सांगतील, आजी अजून थोडी रडवता येईल का बघ.

शेवटचा फॉर्म श्रेयनामावलीचा. हा रिकामा सोडू नका, तो भरला जातोच. वरून खाली असा : चीफ क्रिएटिव्ह ऑफिसर, ज्यांनी काम पाहिलेलं नाही, नॅशनल क्रिएटिव्ह डायरेक्टर, ज्यांनी लिफ्टमध्ये पाहिलं, क्रिएटिव्ह डायरेक्टर, कॉपीरायटर, सर्व्हिसिंगचे चौघे. मग तुम्ही, आडनावाचं स्पेलिंग चुकवून. काकांसाठी रकाना नसतो. स्वतः हातानं 'फायनल आर्टवर्क' असा एक वाढवा आणि त्यांचं नाव घाला. कुणी विचारलं तर सांगा, फॉर्ममध्येच होता. जिंकल्यावर ट्रॉफी स्वागतकक्षात जाते, पण त्या यादीची प्रिंट काढता येते.

गोव्याला कोण जाणार याची चर्चा मार्चपासून सुरू होते आणि उत्तर सर्व्हिसिंग हेच असतं. फार मनावर घेऊ नका. २००६ साली सुरू झालेला हा गोवाफेस्ट २०२४मध्ये मुंबईत, पवईला भरला होता. ज्यांनी महिनाभर सुट्टी आणि शॉर्ट्स जुळवून ठेवल्या, ते पवईला जाऊन आले. तुम्ही त्या तीन दिवसांत मराठी अ‍ॅडॅप्ट संपवा. सोमवारी प्रेसला जायचंय, आणि तो उकार अजून वेलांटीत अडकलेला आहे.